खंडेनवमीला शेड बंद होती

नाना, मला अजूनही तुमच्या त्या मगाचा हेवा वाटतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या डोक्यावरचे केस गेले, हाताखाली अकरा माणसं आली, कारखानेवाले फोन करून बोलावतात आणि मी पोचलो की खुर्ची पुढे सरकवतात. तरी त्याचा विषय निघाला की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. तुमच्या सुनेला सांगितलं तर ती हसते. "अहो, साठी जवळ आली, आता कुणाशी स्पर्धा करताय?" तिला हसू दे. तिच्या वडिलांनी तिला सगळ्यांसमोर लाडकी म्हटलं होतं, तिला काय कळणार.

आधी त्या शब्दाचंच सांगतो. बेंगळुरात मगा कुणीही कुणालाही म्हणतं. रिक्षावाला रिक्षावाल्याला म्हणतो, कॉलेजातली पोरं एकमेकांना म्हणतात, त्यात 'मुलगा' असा अर्थ कुणी शोधत बसत नाही. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. विजेच्या चालत्या मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, एवढ्यावर मी माझा संसार उभा केला. त्या कानांनी ऐकलंय मी. तुम्ही त्याला "मगा" म्हणताना शब्द तोंडातून जरा उशिरा सुटायचा, जसा हातातला गरम कप जपून खाली ठेवावा तसा. मला तुम्ही "अरे" म्हणायचात, आणि चिडलात की "साहेब".

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हाचा तो रविवार. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत तुम्ही लोखंड घट्ट धरायचा वाइस बसवला होता. आई आत पोह्यांना फोडणी देत होती. तुम्ही मला मुठीएवढा लोखंडी ठोकळा दिलात, एक कानस दिलीत आणि म्हणालात, "एक बाजू सपाट कर." मी सकाळभर घासलं, तळहाताला फोड आले. मग तुम्ही त्या बाजूवर काटकोन तपासायचा गुण्या उभा धरलात, ठोकळा खिडकीकडे उचललात आणि एक डोळा मिटलात. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीक रेघ येत होती. मलाही दिसत होती. "उजेड दिसतोय," एवढंच म्हणालात, आणि ठोकळा भंगाराच्या डब्यात टाकलात. खण्णकन वाजला. "साहेब, तुम्ही कारकून व्हा." आई आतून म्हणाली, "अहो, सकाळपासून घासतोय तो. स्वल्प नीट बोला की." तुम्ही म्हणालात, "लोखंडाला नीट बोललेलं कळत नाही."

मी कारकून झालो नाही. डिप्लोमा पहिल्याच वर्षी सोडला, मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका तमिळ म्हाताऱ्याच्या दुकानात बसलो, तांब्याची तार गुंडाळायला शिकलो, आणि पंचविशीत मेन रोडवर स्वतःचा गाळा घेतला. तुमच्या कारखान्यात तुम्ही टूलरूमचे, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्याचे, फोरमन होता, एक शब्द टाकला असतात तर मला आत घेतलं असतं. तुम्ही टाकला नाहीत, मी मागितला नाही. सरकारी कारखान्यातल्या तुमच्या मराठी मित्रांची मुलं इंजिनिअर झाली, मंडळाच्या गणपतीत त्यांचे आईवडील पुढच्या रांगेत बसायचे. तुम्ही मागे, चपलांपाशी उभे. ते कुणामुळे, हे मी ओळखून होतो.

मग नव्वदीच्या सुरुवातीला तुम्ही निवृत्त झालात आणि दोन महिन्यांत आईला भंडावून सोडलंत. डब्यांची झाकणं मापायला लागलात. अशा वेळी, वस्तीत सगळे ज्यांना अक्का म्हणत त्या बाई घरी आल्या. खांद्याला कापडी पिशवी, एका छोट्या संस्थेचं काम, बोलणं सरळ. आपलं घर कोरमंगल्याच्या कडेला, पलीकडे ती मोठी वस्ती. तिथली पोरं टोळ्यांमध्ये जात होती. सतराव्या वर्षी हातात लाँग, म्हणजे हातभर लांबीचा कोयता, विसाव्या वर्षी पोलीस ठाण्यातल्या रौडींच्या, म्हणजे गुंडांच्या, यादीत नाव, आणि नंतर बाहेर पडावंसं वाटलं तरी कामावर ठेवणारं कुणी नाही. "त्यांना भाषण नकोय, मेष्ट्रे," अक्का म्हणाल्या. इथे शिकवणाऱ्याला मेष्ट्रु म्हणतात, त्यांनी तुम्हाला आधीच करून टाकलं होतं. "भाषण मी देऊन बघितलं. सहाजण आले. पाच चहा पिऊन गेले."

"आणि सहावा?"

"तो माझी सायकल घेऊन गेला."

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की आई बाहेर येऊन बघून गेली. पुढच्या आठवड्यात वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड, त्यात सात वाइस, आणि तुम्ही.

तुमची पद्धत मला दुरून बघूनच पाठ झाली. तुम्ही नाव विचारायचात, भानगड विचारायचा नाहीत. प्रत्येकाला एक ठोकळा आणि एक कानस. लाँग फिरवणारा हात खांद्यातून गोल येतो, कानस मात्र सरळ जावी लागते, दोन्ही हातांवर सारखा भार. तो खांदा विसरायला दोन महिने लागतात, तुम्ही अक्कांना सांगत होता, आणि दोन महिने जो उभा राहिला तो सहसा परत जात नाही. वेळ ठरवली दुपारी चार ते सात, कारण टोळीवाले नाक्यावर जमायचे ते त्याच वेळात. शहाणपणाचंच होतं सगळं. मी त्याला नावं ठेवत नाही. मी फक्त मोजत होतो की माझ्या वाट्याला एक सकाळ आली आणि त्यांच्या वाट्याला रोजचे तीन तास.

तो आला तेव्हा बाविशीचा होता. डावी भुवई मधोमध कापलेली, आईबाप लहानपणीच गेलेले, मावशीच्या घरी ओसरीत झोपायचा. टोळीत त्याचं काम बॉसच्या मोटारसायकलवर मागे बसायचं होतं. मागे बसून काय करायचा, ते तुम्ही अर्थातच विचारलं नाहीत. मी एकदा आईने दिलेला चहाचा थर्मास घेऊन शेडच्या दारात आलो, तेव्हा त्याची कानस चालू होती. आवाजावरूनच मला कळलं की हात डोलतोय, मध्ये फुगवटा राहणार. तुम्ही गुण्या लावलात, ठोकळा दाराकडे उचललात. उजेड दिसला. रेघ कसली, फट होती ती. मी भंगाराच्या डब्याचा आवाज ऐकायला उभा राहिलो, खरं सांगतो, कान टवकारून. आणि तुम्ही तो ठोकळा रुमालाने पुसलात, कपाटात ठेवलात आणि म्हणालात, "नाळे नोडोणा, मगा." उद्या बघू, पोरा. मी थर्मास तिथेच ठेवून निघालो. चहा कुणी प्यायला मला माहीत नाही.

रविवारी तो घरी जेवायला यायला लागला. आईने थालीपीठ लावलं तर म्हणाला, "अम्मा, ही तर आमच्या तांदळाच्या अक्की रोट्टीची बहीण आहे. जरा काळी, पण स्वभावाने चांगली." आई हसून हसून बेजार. आपल्या घरात वाढायचं काम आईचं. तुम्ही जन्मात कधी पळी हातात धरली नव्हती, त्या दिवशी उठून त्याच्या ताटात लोणी वाढलंत. मी शेजारच्या पाटावर बसलो होतो. माझं ताट कोरडंच. तो मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही घ्या ना आधी." मी म्हणालो, "मला लोणी आवडत नाही." आईने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मला घरात लोणी मिळालं नाही, हाही त्याचाच प्रताप.

पावसाळा संपेपर्यंत त्याच्या ठोकळ्याखालून उजेड दिसेनासा झाला. अक्कांनी व्हाइटफील्डच्या बाजूला एका टूलरूममध्ये शब्द टाकला. मालक म्हणाला, दसरा झाल्यावर पाठवा, पण ठाण्याचं पत्र आणा. ठाण्याचे साहेब म्हणाले, पत्र देतो, पण दसऱ्यापर्यंत याचं नाव कशातही आलं तर विसरा. म्हणजे तीन आठवडे निभवायचे होते. तुम्ही इतके खुशीत होता की मला दुकानात येऊन सांगून गेलात. माझ्या दुकानात तुम्ही तेव्हा पहिल्यांदा पाऊल ठेवलंत, तेही त्याची बातमी सांगायला.

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर मांडून झेंडू वाहायचे आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे तुमच्या वडिलांपासून चालत आलेलं. कारखान्यात तुम्ही हे पाळलंत, शेडमध्येही पाळलंत. आदल्या संध्याकाळी पोरांकडून कानशी पुसून घेतल्यात, पूजा मांडलीत, कुलूप लावलंत आणि म्हणालात, "उद्या यांना विश्रांती. परवा या." सगळे सरी, सरी, म्हणजे ठीक, ठीक करत गेले. तुमच्या मनात हे आलंच नाही की त्याच दिवशी पलीकडे बॉसच्या अंगणातही आयुधपूजा असते. तिथे लाँगा मांडतात, कोहळा फोडतात, आणि जो पूजेला हजर तो अजून आपला, असं मानतात. जो येत नाही त्याला आणायला माणसं जातात. वर्षभर तुम्ही रोज चार ते सात त्या पोरांना अडवून धरलंत आणि नेमक्या त्या दिवशी हातांना सुट्टी दिलीत.

तुम्हाला माहीत नव्हतं, नाना. मला होतं.

दोन दिवस आधी बॉसची दोन माणसं पंपाची मोटार घेऊन माझ्या दुकानात आली होती. मी वाकून कॉइल सोडवत होतो, ते बाकावर बसून कानडीत कुजबुजत होते. त्यांना वाटलं मशीन चालू आहे, याला काय ऐकू जाणार. एक म्हणाला, "येईल का तो?" दुसरा म्हणाला, "जाईल कुठे? परवा मेष्ट्रूची शेड बंद. सकाळी दहाला मावशीच्या दारातून उचलू." मी ऐकलं. मोटार दुरुस्त करून दिली. घरी आलो, तुमच्या समोर बसून जेवलो. तुम्ही त्याच्या नव्या शर्टाबद्दल आईशी बोलत होता, मुलाखतीसाठी पांढरा बरा की निळा. मी ताटातून मान वर केली नाही. मनाशी म्हणालो, आपला काय संबंध.

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता दाराची कडी वाजली. मी उघडलं. तो उभा होता, तोच नवा पांढरा शर्ट घालून, कारण घरातून निघायला काहीतरी निमित्त हवं म्हणून मावशीला देवळात जातो म्हणाला होता. तुम्ही आत सोवळ्यात, देवापुढे. घंटा मला ऐकू येत होती, त्यालाही येत असणार.

"अण्णा, मेष्ट्रु आहेत?"

"पूजेत आहेत."

"शेड उघडतील का जरा? मी कशाला हात नाही लावणार. नुसता आत बसतो संध्याकाळपर्यंत."

तो कशासाठी आलाय ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. मागे वळून एक हाक मारायची होती. तुम्ही तसेच ओल्या पंच्याने बाहेर आला असता, शेडच काय, त्याला माजघरात बसवला असता. मी म्हणालो, "आज हत्यारं पूजेत असतात, आज काही उघडत नाहीत. उद्या बघू."

तुमचेच शब्द. फक्त शेवटचा एक गाळला.

तो आतली घंटा ऐकत उभा राहिला, मग म्हणाला, "सरी अण्णा," आणि पायऱ्या उतरला. मी पावलं ऐकली. फाटकापाशी थांबली, आणि मग वस्तीकडे वळली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दहाला त्याला मावशीच्या दारातून नेलं, बॉसच्या पूजेत दुसरी टोळी घुसली, दोघांना लागलं, पोलिसांनी हाती येईल त्याला उचललं. संध्याकाळी अक्का आल्या, उंबऱ्यातच बसल्या आणि म्हणाल्या, "मेष्ट्रे, आपला पोरगा आत गेला. शर्ट रक्ताने भरलाय." तुम्ही ठाण्यावर गेलात, साहेबांनी भेटू दिलं नाही. घरी येऊन पडवीत बसलात आणि आईला म्हणालात, "चूक माझी आहे. त्याचे हात रिकामे होते त्या दिवशी मीच कुलूप लावलं." आई म्हणाली, "अहो, खंडेनवमी होती." तुम्ही म्हणालात, "त्यांची पण होती."

त्यानंतर तुम्ही शेडची किल्ली अक्कांना परत दिलीत. म्हणालात, मला जमत नाही. आणि चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्या दुकानात आलात. स्टुलावर बसलात. मी तार गुंडाळत होतो, तुम्ही रीळ धरलंत. मग रोजच यायला लागलात, चार ते सात, तुमची तीच वेळ. गिऱ्हाइकं तुम्हाला नमस्कार करायची, मी म्हणायचो, "आमचे वडील." एकदा एक मिक्सर आला होता, मी कान लावून म्हटलं, "मागचं बेअरिंग." उघडून तुम्ही बघितलंत, बोटाने फिरवून बघितलंत, आणि म्हणालात, "तुझा कान चांगला आहे रे." मी चाळीस गल्ल्यांत गाजलोय, नाना, मला लोकांनी शाली घातल्यात. पण त्या वाक्यानंतर मी दुकानाच्या मागे जाऊन नळाखाली तोंड धुऊन आलो.

आठ महिने. मग त्या दोघांपैकी ज्याला भोसकलं होतं तो बरा होऊन कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, या भुवईवाल्याने मला उचलून रिक्षात घातलं, त्याचा शर्ट माझ्याच रक्ताने भरला होता. त्याला सोडलं. तो तसाच आपल्या घरी आला, वाळलेला, आणि तुम्ही दारात त्याच्या दोन्ही खांद्यांना हात लावून बघितलंत, काही मोडलंय का ते चाचपावं तसं. मी पडवीत उभा होतो. आता तो सांगणार, मला वाटलं. तो आईला म्हणाला, "अम्मा, थालीपीठ." आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या गाळ्यातलं तुमचं स्टूल रिकामं.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही शेड उघडी ठेवलीत. हार घातलेल्या पाटावरून स्वतः पहिली कानस उचललीत आणि सगळ्यांना कामाला लावलंत. आई दोन दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. त्यानंतर दरवर्षी तुम्ही तसंच केलंत, आणि दरवर्षी ती चूक स्वतःकडे घेतलीत. शेवटच्या आजारात, बोलताना धाप लागत होती तेव्हा, मला विचारलंत, "त्या सकाळी कुणी आलं होतं का रे आपल्याकडे? मला कडी वाजल्यासारखं वाटलं होतं." मी म्हणालो, "नाही नाना. दूधवाला असेल." तुम्ही मान हलवलीत. तुमच्या तिरडीला पुढचा उजवा खांदा माझा होता, डावा त्याचा, आणि स्मशानात वस्तीतली माणसं आधी त्याच्या गळ्यात पडली, मग माझ्या.

गेल्या महिन्यात होसकोट्याला एक कॉम्प्रेसर ऐकायला गेलो. तिथल्या टूलरूमचा मुख्य तोच, भुवया पिकल्यात. कॉफी मागवली, माझ्यासमोर बसला. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "नानांना तू कधीच का सांगितलं नाहीस?" काय ते त्याला सांगावं लागलं नाही. कपातली कॉफी हलवत म्हणाला, "सांगून काय झालं असतं, अण्णा? मी आत होतो. मेष्ट्रूंना बाहेर कुणीतरी हवं होतं ना." आणि मग मला विचारलं, साखर पुरेशी आहे का.

म्हणजे ते आठ महिनेही त्याने दिलेले. बघा आता. हेवा करायलासुद्धा त्याने मला जागा ठेवली नाही, आणि तरी मी करतोय.

हे कागद मी कुठे पाठवणार? गाळ्यातल्या खणात टाकीन, मुलगा कधी उघडेल तेव्हा उघडेल. तुमची माफी मागावी म्हणून लिहायला बसलो होतो. पण चार वाजले की तुम्ही पायऱ्या चढून यायचात, चप्पल काढायचात, "आण ते रीळ" म्हणायचात, आणि सात वाजेपर्यंत दुसरं कुणी नसायचं. ती सकाळ परत आली, तो पुन्हा दारात उभा राहिला, तर मी तुम्हाला हाक मारीन असं इथे लिहायला हवं. पेन मघापासून हातात आहे, नाना. लिहवत नाही.